एकाच मेल सर्व्हरवर दहा डोमेन: सोय की सगळ्यांना एकदम गोत्यात आणणारी काटकसर?

टपालवाला (धागाकर्ता)

डोमेन वाढली की काही जण लगेच दुसरा मेल सर्व्हर उभा करायला निघतात. प्रत्येक डोमेनला स्वतःचा सर्व्हर, स्वतःचा आयपी, स्वतःचं प्रमाणपत्र. हा हिशेब मला पटत नाही. दहा-पंधरा डोमेन आणि शे-दीडशे मेलबॉक्स असतील तर एकच सर्व्हर हवा, आणि तो नीट सांभाळलेला हवा. अर्धवट सांभाळलेल्या दहांपेक्षा ते केव्हाही बरं.

मेल पोहोचवायच्या नियमांना, म्हणजे एसएमटीपीला, यात काहीही वावगं नाही. सगळ्या डोमेनच्या एमएक्स नोंदी (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) एकाच यंत्राच्या नावाकडे वळवता येतात. ते नाव ए नोंदीचं हवं, म्हणजे थेट आयपी सांगणारं; सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव, चालत नाही. इंटरनेटच्या मानकांपैकी आरएफसी २१८१ ने १९९७ मध्येच ते स्पष्ट केलंय. पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) आयपीला एकच पुरते. ती सर्व्हरच्या नावाकडे जावी, त्या नावाची ए नोंद परत त्याच आयपीवर यावी, आणि हेलोमध्येही, म्हणजे जोडणी करताना सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो तिथेही, तेच नाव असावं. पाठवणाऱ्याचं डोमेन आणि पीटीआर जुळलंच पाहिजे असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही.

मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या पोस्टफिक्समध्ये आपल्याकडेच उतरणारं डोमेन तीन ठिकाणी लिहिता येतं आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. 'मायडेस्टिनेशन'मधलं डोमेन म्हणजे युनिक्स खात्यांचं डोमेन. 'व्हर्च्युअल_अलायस_डोमेन्स'मधल्या डोमेनला स्वतःच्या पेट्या नसतात, नुसती वळवावळवी. 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स'मधल्या डोमेनला खऱ्या पेट्या असतात, पण त्यांच्यामागे युनिक्स खातं लागत नाही. दहा डोमेन असतील तर तिसराच मार्ग, कारण पहिल्यात इन्फो@अ आणि इन्फो@ब ही एकाच माणसाची पेटी होते. एकच डोमेन 'मायडेस्टिनेशन' आणि 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स' या दोन्हीकडे लिहिलं की लॉगमध्ये तंबी येते, मेल लोकल डिलिव्हरीकडे जाते आणि तिथे तसा युनिक्स वापरकर्ता नसल्यामुळे 'युजर अननोन' होऊन परत फिरते. 'मायडेस्टिनेशन'मध्ये लोकलहोस्ट आणि सर्व्हरचं स्वतःचं नाव सोडून काही ठेवू नका.

पुढचं सरळ आहे. 'व्हर्च्युअल_ट्रान्सपोर्ट' (आलेली मेल पेटीत टाकायची वाट) पेट्या सांभाळणाऱ्या डव्हकॉटच्या एलएमटीपी सॉकेटकडे, लॉगिनसाठी पूर्ण ईमेल पत्ता, पेट्या डोमेनच्या फोल्डरमध्ये नावाच्या फोल्डरात. नवं डोमेन वाढवायचं म्हणजे डेटाबेसमध्ये एक ओळ आणि डीएनएसमध्ये चार-पाच नोंदी.

आता दहा सर्व्हरचा विचार करा. व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही एकटा एक जीबीच्या वर मेमरी खातो, आणि नवा डेटाबेस चढवताना जुना-नवा दोन्ही काही काळ मेमरीत राहतात. डव्हकॉट २.४ जानेवारी २०२५ मध्ये आलं. त्यात 'मेल_लोकेशन' गेलं, 'मेल_ड्रायव्हर' आणि 'मेल_पाथ' आले, २.३ ची फाइल जशीच्या तशी चालत नाही. हे काम एकदा करायचं की दहादा?

वेगळे सर्व्हर हवेतच असं ज्यांना वाटतं त्यांनी कारण सांगावं. "बरं दिसतं" हे कारण धरणार नाही.

पोर्ट_पंचवीस

असहमत, आणि दिसण्याचा इथे संबंध नाही.

येणाऱ्या मेलपुरतं तुमचं म्हणणं बिनतोड आहे. पण मेल सर्व्हरचं दुखणं जाणाऱ्या मेलमध्ये असतं. दहा डोमेनांपैकी एकातल्या एका पेटीचा पासवर्ड फुटला की बॉट ५८७ वर, म्हणजे वापरकर्ते मेल पाठवतात त्या पोर्टवर, रीतसर लॉगिन करून स्पॅम सोडायला लागतो. ती मेल एसपीएफमध्ये (पाठवणारा आयपी डोमेनने मान्य केलाय का) पास, डीकेआयएममध्ये (डोमेनची डिजिटल सही) पास, डीमार्कमध्ये (या दोन्हींपैकी एक तरी फ्रॉममधल्या डोमेनशी जुळतंय का) पास. पाठवणारा खरा आणि सर्व्हरही खरा, मग नापास कशाला होईल? तुम्हाला सकाळी कळेपर्यंत आयपी एक-दोन ब्लॉकलिस्टमध्ये जाऊन बसलेला असतो, आणि बाकीच्या नऊ डोमेनांची साधी पत्रंही ५५० (नकार) खाऊन परत येऊ लागतात. त्या नऊ जणांचा गुन्हा काय? शेजार.

यादीतून नाव काढायला अर्ज करता येतो, पण जीमेल किंवा आउटलुकच्या आतल्या प्रतिष्ठेला अर्ज-बिर्ज लागू नाही. ती हळूहळूच परत येते.

टपालवाला

पासवर्ड फुटणार हे गृहीत धरूनच बांधणी करायची असते. दर ताशी किती पत्रं जाऊ शकतात याला पेटीनिहाय मर्यादा घाला. साध्या कार्यालयीन पेटीला तासाला शंभर प्राप्तकर्ते खूप झाले. बॉटने शंभर पाठवली, एकशे एकाव्याला दार बंद, तुम्हाला सूचना. शंभर पत्रांनी आयपी सहसा बुडत नाही.

लॉगवाचक

मर्यादा घाला म्हणणं सोपं आहे, पण बरेच जण ती चुकीच्या जागी घालतात. पोस्टफिक्सचं 'एसएमटीपीडी_क्लायंट_मेसेज_रेट_लिमिट' हे आयपीनिहाय मोजतं, लॉगिननिहाय नाही. फुटलेला पासवर्ड वापरणारा बॉट शेकडो वेगवेगळ्या आयपींवरून येतो, प्रत्येकावरून दोन-चार पत्रं. मर्यादेला पत्ताच लागत नाही. उलट एका कार्यालयातले तीस जण एका आयपीमागे बसलेले असले की तेच अडकतात.

मोजायचं ते लॉगिनच्या नावावर. त्यासाठी आरस्पॅमडी या स्पॅम-गाळणीचं रेटलिमिट मॉड्यूल ('युजर' बादली) किंवा स्वतंत्र पॉलिसी सेवा (मेल घ्यावी का हे पोस्टफिक्स जिला विचारतं ती) लागते. पॉलिसी सेवा लावताना जागा बघा: प्राप्तकर्त्यांची एकूण संख्या पोस्टफिक्स फक्त डेटा आणि एंड-ऑफ-डेटा या टप्प्यांवर, म्हणजे सगळे प्राप्तकर्ते सांगून झाल्यावर, देतं. रेसिपियंटच्या टप्प्यावर तो आकडा शून्यच येतो. तिथे लावली तर प्रत्येक हाकेला एक असं मोजावं लागेल. हे न कळल्यामुळे पन्नास जणांना सीसी केलेलं पत्र 'एक' म्हणून मोजलं जातं आणि मर्यादा नुसती शोभेची राहते.

कंटाळलेला_रूट

तुम्ही दोघं बाहेरच्या चोराबद्दल बोलताय. अनेक डोमेन एकत्र असल्यावर घरातलीच चोरी सोपी होते, तिकडे कोणी बघतच नाही.

अ डोमेनचा वापरकर्ता लॉगिन करतो आणि प्रेषक म्हणून ब डोमेनच्या संचालकाचा पत्ता लिहितो. तयार मिळणाऱ्या पोस्टफिक्सला यात काही खटकत नाही. लॉगिन झालंय ना, जा. दोन्ही डोमेनांच्या एसपीएफमध्ये तोच आयपी असल्यामुळे समोरच्याकडे ते पत्र ब चं अस्सल म्हणून पोहोचतं. ब च्या मालकाने डीमार्क 'रिजेक्ट'वर ठेवलं असलं तरी त्याचा इथे उपयोग शून्य.

पहिला इलाज सगळ्यांना माहीत असावा: 'एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्स'मध्ये कोणत्या लॉगिनला कोणते पत्ते वापरता येतात ते लिहायचं आणि सबमिशनच्या पोर्टांवर 'रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच' लावायचं. पण थांबा. हे फक्त पाकिटावरचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो, प्रेषक तपासतं. पत्रातल्या फ्रॉम ओळीत काय लिहिलंय ते बघत नाही. म्हणजे पाकिटावर अ, आत फ्रॉममध्ये ब, असं पत्र आरामात निघतं. आता डीकेआयएमची सही कोणत्या डोमेनची पडणार? ओपनडीकेआयएम हा सही करणारा प्रोग्राम फ्रॉम ओळ बघून किल्ली निवडतो. पत्र लॉगिन केलेल्याकडून आलंय म्हणून तो ब ची सही ठोकतो. सही फ्रॉमशी जुळली, डीमार्क पास. इथे एसपीएफने वाचवलंही असतं, कारण पाकीट अ चं आहे आणि फ्रॉमशी जुळत नाही. पण डीमार्कला दोन्हींपैकी एक जुळलं की पुरतं.

आरस्पॅमडीच्या सही मॉड्यूलमध्ये 'अलाऊ_एचडीआरफ्रॉम_मिसमॅच' आणि 'अलाऊ_युजरनेम_मिसमॅच' ही दोन्ही मुळात 'फॉल्स' असतात, म्हणजे असं पत्र तो सही न करता सोडतो. घोळ होतो तो नंतर. कोणीतरी तक्रार करतं, "मी अ चं लॉगिन वापरून ब च्या पत्त्यावरून पाठवतो तर सही होत नाही", आणि ॲडमिन दोन्ही 'ट्रू' करून मोकळा होतो. एका माणसाच्या सोयीसाठी सगळ्यांच्या सह्या उघड्यावर. त्या माणसाला ब मध्ये वेगळं लॉगिन द्या.

पोर्ट_पंचवीस

हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. वेगळा सर्व्हर असता तर ही चर्चाच करावी लागली नसती.

कंटाळलेला_रूट

वेगळ्या सर्व्हरवरही एकाच डोमेनमधला शिपाई संचालकाच्या नावाने पाठवू शकतो. लॉगिन मॅप तिथेही लागतोच. मी सर्व्हर वेगळे करा म्हटलेलं नाही, नीट वाचा.

नवा_ॲडमिन

मधेच विचारतो, माफ करा. प्रत्येक डोमेनच्या लोकांना आपापल्या फोनमध्ये 'मेल.स्वतःचं-डोमेन' असं सर्व्हरचं नाव हवं असतं. सर्व्हर एकच असेल तर प्रमाणपत्राचं काय करायचं? सगळी नावं एकाच प्रमाणपत्रात टाकू का?

टपालवाला

टाकता येतात. फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या एका प्रमाणपत्रात शंभरपर्यंत नावं बसतात. पण टाकू नका. दहातल्या एका डोमेनने डीएनएस दुसरीकडे हलवलं किंवा डोमेनचं नूतनीकरण विसरलं, की त्या एका नावाची पडताळणी फसते आणि अख्ख्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण अडतं. प्रमाणपत्रं आणणाऱ्या सर्टबॉटला अपयशी नावं वगळून पुढे जायला सांगता येतं, पण तेही आधी आठवायला हवं. शिवाय प्रमाणपत्रं सार्वजनिक नोंदवहीत जातात, त्यामुळे तुमच्याकडे कोणकोणती डोमेन आहेत ती यादी कोणालाही एका शोधात मिळते.

उत्तम म्हणजे सगळ्यांना एकच नाव द्या, सर्व्हरचं. आयमॅप (वाचायला) ९९३, सबमिशन (पाठवायला) ४६५ किंवा ५८७, लॉगिन पूर्ण पत्ता. प्रत्येक डोमेनमध्ये एसआरव्ही नोंदी आणि ऑटोकॉन्फिगची फाइल (दोन्ही मेल ॲपला सर्व्हरचं नाव सांगतात) ठेवली तर अनेक क्लायंट ते नाव आपणहून उचलतात आणि हाताने टाइप करायचा प्रश्न उरत नाही.

तरीही कोणी हट्टच धरला तर एसएनआय, म्हणजे मागितलेल्या नावाप्रमाणे वेगळं प्रमाणपत्र दाखवणं. पोस्टफिक्स ३.४ पासून 'टीएलएस_सर्व्हर_एसएनआय_मॅप्स' आहे, डव्हकॉटमध्ये 'लोकल_नेम'. प्रत्येक डोमेनचं प्रमाणपत्र वेगळं, एक फसलं तर तेवढंच फसतं. पोस्टफिक्सचा नकाशा (नाव आणि त्याचं प्रमाणपत्र यांची शोध-यादी) बनवताना पोस्टमॅप या आज्ञेला मोठ्या अक्षरातला एफ द्यायचा असतो, कारण फाइलींचा मजकूरच नकाशात भरला जातो. म्हणून नूतनीकरणानंतर पोस्टमॅप पुन्हा चालवावं लागतं. नुसतं रीलोड केलं तर जुनंच प्रमाणपत्र निघत राहतं. त्याची ओळ सर्टबॉटच्या हुकमध्ये घालून ठेवा.

लॉगवाचक

भर: ४६५ ला जुनाट समजू नका. २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने पहिल्या क्षणापासून टीएलएस (कूटबद्ध जोडणी) असलेला तो मार्गच पुढे केलाय.

आणि एमटीए-एसटीएस (आपल्याकडे मेल कूटबद्ध जोडणीनेच पाठवा असं जाहीर करणं) करणार असाल तर मात्र प्रत्येक डोमेनसाठी 'एमटीए-एसटीएस.डोमेन' या नावाचं एचटीटीपीएस प्रमाणपत्र लागतंच, त्यातून सुटका नाही. पॉलिसी फाइलमधलं एमएक्सचं नाव मात्र सगळ्यांचं एकच चालतं.

पोर्ट_पंचवीस

प्रमाणपत्रं सुटली, मान्य. माझा मूळ मुद्दा तसाच आहे: एका आयपीवर सगळ्यांचं नशीब बांधलेलं. निदान आयपी तरी वेगळे करा. सर्व्हर एकच राहू दे हवा तर. पोस्टफिक्सच्या 'मास्टर.सीएफ' फाइलमधली एसएमटीपीची ओळ नव्या नावाने उतरवा, तिच्याखाली 'एसएमटीपी_बाइंड_ॲड्रेस', 'एसएमटीपी_हेलो_नेम' आणि ओळखायला सोपं पडेल असं 'सिसलॉग_नेम' द्या. मग 'सेंडर_डिपेंडंट_डिफॉल्ट_ट्रान्सपोर्ट_मॅप्स'मध्ये डोमेनसमोर तो ट्रान्सपोर्ट, म्हणजे मेल बाहेर जायची वाट, लिहा. पोस्टफिक्स २.७ पासून हे आहे. प्रत्येक आयपीला त्याचा पीटीआर, त्या-त्या डोमेनच्या एसपीएफमध्ये त्याचा आयपी. झालं.

टपालवाला

झालं नाही. दिवसाला चाळीस पत्रं पाठवणाऱ्या डोमेनला स्वतःचा आयपी दिला की त्या आयपीची ओळखच तयार होत नाही. मोठे मेल पुरवठादार ओळख नसलेल्या आयपीकडे संशयानेच बघतात. दहा डोमेनांची मिळून चारशे पत्रं रोज एका आयपीवरून जातात, ती नियमित, स्वच्छ, त्यांना उत्तरं येतात. तो आयपी चांगला दिसतो. तुम्ही ते पुण्य दहा ठिकाणी वाटून टाकताय.

शिवाय बाउन्सच्या (मेल न पोहोचल्याचं कळवणाऱ्या) पत्राचा प्रेषक रिकामा असतो. नकाशात रिकाम्या प्रेषकासाठी '<>' अशी ओळ घातली नाही तर ती सगळी मूळ आयपीवरूनच जातात.

लॉगवाचक

दोघांनाही अर्धे-अर्धे गुण. डोमेननिहाय आयपी हा चुकीचा चाकू आहे. कापायचं ते मेलच्या प्रकारावर. माणसांची पत्रव्यवहाराची मेल एका वाटेने, ॲप्लिकेशनने पाठवलेली पावती-ओटीपीसारखी मेल दुसऱ्या, आणि वृत्तपत्रिका तिसऱ्या. ती तिसरी तर या सर्व्हरवर नकोच.

कारण निव्वळ प्रतिष्ठेचं नाही, रांगेचं आहे. पोस्टफिक्स एका ट्रान्सपोर्टमधून एका ठिकाणी मुळात एकावेळी वीसच जोडण्या करतं. अ डोमेनने जीमेलच्या आठ हजार पत्त्यांवर वृत्तपत्रिका सोडली. जीमेलने जोडणी करतानाच ४२१ देऊन "जरा थांबा" म्हटलं. रांग सांभाळणाऱ्या प्रोसेसच्या दृष्टीने हे 'ठिकाण' तात्पुरतं बंद झालं, आणि त्याच ट्रान्सपोर्टमधून जीमेलकडे जाणारी प्रत्येक मेल काही मिनिटं पुढे ढकलली जाते. त्यात ब डोमेनमधल्या कोणाचं तरी करारपत्र असतं. त्याची काही चूक नाही, स्पॅमचा पत्ता नाही, आयपी यादीत नाही, तरी पत्र अडकलं. रांग दाखवणाऱ्या 'पोस्टक्यू'मध्ये दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात आणि समोर लिहिलेलं असतं ते वृत्तपत्रिकेचं पाप.

हिशेब ट्रान्सपोर्ट आणि ठिकाण अशा जोडीवर ठेवला जातो. म्हणून पोर्ट_पंचवीस म्हणतात तसा वेगळा ट्रान्सपोर्ट केला की रांगेचा हिशेब वेगळा होतो, आयपी तोच असला तरी. जीमेल मात्र आयपी बघूनच थांबवत असेल तर नुसत्या वेगळ्या ट्रान्सपोर्टने भागत नाही, तेव्हा आयपीही वेगळा लागतो.

कंटाळलेला_रूट

वृत्तपत्रिकेबद्दल +१. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलला दिवसाला पाच हजारांच्या घरात पाठवत असाल तर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही हवेत, एका क्लिकवर नाव काढायची सोय हवी, आणि स्पॅम म्हणून नोंदवण्याचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. हे सगळं पाळायला यादी सांभाळणारी वेगळी यंत्रणा लागते, मेलबॉक्सचा सर्व्हर नव्हे. बाहेरच्या रिलेमधून (दुसऱ्यांची मेल पुढे पाठवणाऱ्या सेवेतून) पाठवा आणि त्यासाठी उपडोमेन वापरा.

पोस्टफिक्समधूनच ठरावीक डोमेनची मेल रिलेकडे वळवायची असेल तर 'सेंडर_डिपेंडंट_रिलेहोस्ट_मॅप्स'. प्रत्येक डोमेनचं रिलेवरचं खातं वेगळं असेल तर 'एसएमटीपी_सेंडर_डिपेंडंट_ऑथेंटिकेशन'ही चालू करावं लागतं. त्याने जोडण्या पुन्हा वापरणं बंद होतं, म्हणून वेग पडतो. बिघाड नाही तो.

पोर्ट_पंचवीस

रिले म्हणजे परत अनोळखी लोकांसोबत वाटून घेतलेला आयपी. इथे निदान शेजारी कोण आहेत ते माहीत तरी असतं. असो, मी वेगळा ट्रान्सपोर्ट आणि दोन आयपी यावर यायला तयार आहे. दहा आयपींचा आग्रह सोडला.

पण एक प्रश्न कोणी घेतला नाही. ही दहा डोमेन कोणाची आहेत? एकाच संस्थेचे दहा ब्रँड असतील तर टपालवाले बरोबर. दहा वेगळे मालक असतील तर? सगळ्या पेट्या 'व्हीमेल' या एकाच वापरकर्त्याच्या, यूआयडी (वापरकर्ता क्रमांक) ५०००. वेबमेलमध्ये नाही, डिलिव्हरीच्या स्क्रिप्टमध्ये एक भोक पडलं की दहाही मालकांची सगळी पत्रं वाचता येतात. इथे मर्यादा आणि सह्या काही कामाच्या नाहीत.

टपालवाला

डव्हकॉटच्या यूजरडीबीमधून (वापरकर्त्यांच्या यादीतून) डोमेननिहाय यूआयडी देता येतो. एलएमटीपी आणि आयमॅपच्या प्रोसेस त्या-त्या यूआयडीवर उतरतात. क्वेरीत एक रकाना वाढतो एवढंच. पण हो, मालक वेगळे आणि त्यातला एखादा कायदेशीर गुप्ततेने बांधलेला असेल, वकील, डॉक्टर असे, तर मीही त्याला वेगळा सर्व्हर देईन. तिथे कारण मेलचं नाही, बॅकअप कोणाच्या हातात आणि रूट कोण, हे आहे.

एकाच मालकाच्या डोमेनांनाही डीकेआयएमची किल्ली मात्र वेगवेगळी द्या. एकच किल्ली सगळीकडे वापरता येते म्हणून वापरू नये. ती फुटली तर सगळ्या झोनमध्ये (डोमेनांच्या डीएनएस नोंदींत) धावाधाव. २०४८ बिटची सार्वजनिक किल्ली २५५ अक्षरांपेक्षा लांब असते, म्हणून टेक्स्ट नोंदीत दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते. काही डीएनएस पॅनेल ती आपणहून तोडतात, काही मुकाट्याने कापतात. नोंद टाकल्यावर 'डिग' (डीएनएस तपासायची आज्ञा) करून शेवटची अक्षरं जुळवून बघा.

एसपीएफचं उलट: तिथे एकत्र ठेवण्यातच शहाणपण. मुख्य डोमेनमध्ये एका नोंदीत सर्व्हरचे आयपी लिहा, आयपीव्ही६ सकट, आणि बाकी डोमेनांनी तिला 'इन्क्लूड' करावं. सर्व्हर हलला की एकच ओळ बदलते. दहा डीएनएस शोधांच्या मर्यादेत तो एक धरला जातो. आतले 'आयपी४' आणि 'आयपी६' धरले जात नाहीत. डोमेनमध्ये आधीची एसपीएफ नोंद असेल तर तिच्यातच भर घाला. दोन नोंदी झाल्या की दोन्ही बाद, निकाल 'पर्मएरर', म्हणजे कायमची चूक.

नवा_ॲडमिन

सगळ्या डोमेनांचे डीमार्क अहवाल (आपल्या नावाने आलेल्या मेलबद्दल समोरचे सर्व्हर पाठवतात ते) मुख्य डोमेनच्या एका पत्त्यावर मागवलेत. मुख्य डोमेनचे येतात, बाकीच्यांचे येत नाहीत. नोंदी तर सारख्याच आहेत.

लॉगवाचक

परवानगी दिलेली नाही म्हणून. ब च्या अहवालाचा पत्ता मुख्य डोमेनमध्ये असेल तर मुख्य डोमेनने "हो, मला ब चे अहवाल चालतील" असं जाहीर करावं लागतं. मुख्य झोनमध्ये 'ब-डोमेन._रिपोर्ट._डीमार्क' या नावाची टेक्स्ट नोंद, मजकूर फक्त 'व्ही=डीमार्क१'. ब-डोमेन पूर्ण लिहायचं, शेवटच्या टिंबानंतरच्या भागासकट. डोमेन बरीच असतील तर त्या जागी तारा (*) टाकून एकच नोंद चालते, पण मग जगातलं कोणीही आपले अहवाल तुमच्या पेटीत ओतू शकतं.

कंटाळलेला_रूट

कॅच-ऑलचं कोणी काढलं नाही अजून, आश्चर्य आहे. अनेक डोमेन आली की "याच्या सगळ्या पत्त्यांची मेल मला" असं कोणीतरी मागतंच. 'व्हर्च्युअल_अलायस_मॅप्स'मध्ये '@ब-डोमेन' समोर एक पेटी लिहिली की त्या डोमेनच्या खऱ्या पेट्यांची मेलही तिथेच जाते. अलायसचा नकाशा पेट्यांच्या आधी बघितला जातो. उपाय बावळट वाटतो पण तोच आहे: प्रत्येक खऱ्या पेटीची ओळ स्वतःकडेच वळवलेली लिहायची, लेखा@ब समोर लेखा@ब.

त्याहून वाईट म्हणजे डोमेनला डोमेनचं टोपणनाव: '@ब' समोर '@अ'. दिसायला सुटसुटीत, पण ब मधला कुठलाही पत्ता सर्व्हर दारातच स्वीकारतो, मग अ मध्ये तो माणूस नाही म्हणून बाउन्स तयार करतो. स्पॅमचा प्रेषक खोटा असतो, म्हणजे बाउन्स एखाद्या निरपराधाला. अशा उलट्या कचऱ्याने आयपी यादीत जातो, आणि त्यात कोणाचा पासवर्ड फुटलेला नसतो. ती ओळ काढा आणि अ मध्ये पेटी खरंच असेल तरच उत्तर देईल अशी एसक्यूएल क्वेरी लिहा. पोस्टफिक्सॲडमिनच्या तयार क्वेरी तसंच करतात.

पोर्ट_पंचवीस

बाहेरच्या खात्यांवर फॉरवर्ड करण्याचंही तेच. दहा डोमेनमधले वीस जण आपली मेल जीमेलकडे वळवतात, स्पॅमसकट. जीमेलच्या नजरेत तो स्पॅम तुम्ही पाठवला. पोस्टएसआरएसडीने पाकिटावरचा प्रेषक बदलून एसपीएफ सुटतं, स्पॅमचा दोष सुटत नाही. आधी गाळा, मग वळवा. किंवा वळवूच नका, जीमेलच्या ॲपमध्ये आयमॅप खातं जोडायला सांगा.

नवा_ॲडमिन

शेवटचा प्रश्न. एक डोमेन आमच्याकडून दुसऱ्या सेवेकडे जाणार आहे. त्यांनी एमएक्स बदलला की आमच्याकडून काही करायचं राहतं का?

टपालवाला

राहतं, आणि हे विसरलं की सगळ्यात विचित्र तक्रार येते: "जगभरातून मेल येते, फक्त तुमच्या बाकीच्या नऊ डोमेनांकडून येत नाही." पोस्टफिक्स पत्ता बघताना आधी स्वतःच्या याद्या बघतं, एमएक्स नाही. डोमेन 'व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स'मध्ये आहे तोवर ती मेल तुमच्याच डिस्कवरच्या जुन्या पेटीत पडत राहते. बाउन्स नाही, लॉगमध्ये 'सेंट' लिहिलेलं.

क्रम असा ठेवा. एमएक्सचा टीटीएल (नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) एक-दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. त्यांनी एमएक्स बदलला की त्याच वेळी डोमेन व्हर्च्युअल यादीतून काढा आणि 'रिले_डोमेन्स'मध्ये टाका, म्हणजे जुन्या एमएक्सवर उशिरा आलेली मेल नव्या सर्व्हरकडे पुढे जाईल. पेट्यांचे पत्ते 'रिले_रेसिपियंट_मॅप्स'मध्ये भरा, नाहीतर वर रूटरावांनी सांगितलेला उलटा कचरा इथूनही सुरू होतो. जुन्या पेट्या आयमॅपसिंकने हलवा. एमएक्स बदलल्यावर एक फेरी पुन्हा चालवा, मधल्या काळात आलेली पत्रं त्यात जातात.

लॉगवाचक

आठवड्याभराने 'रिले_डोमेन्स'मधूनही काढा. त्यांच्या झोनमधून आपली डीकेआयएम नोंद आणि एसपीएफचा 'इन्क्लूड' काढायला सांगा, आणि आपल्याकडची किल्ली पुसा. तो 'इन्क्लूड' तसाच राहिला तर तुमच्या सर्व्हरवरून त्यांच्या नावाने निघालेलं पत्र पुढेही पास होत राहील.

आणि उलट बाजूनेही तेवढंच जपा. पॅनेलमध्ये ग्राहकाला स्वतः डोमेन वाढवायची मुभा असेल तर मालकीची टेक्स्ट नोंद तपासल्याशिवाय ते यादीत जाऊ देऊ नका. कोणी गंमत म्हणून 'जीमेल.कॉम' टाकलं, तर त्या क्षणापासून दहाही डोमेनांची जीमेलला जाणारी मेल तुमच्या सर्व्हरच्या बाहेरच पडणार नाही.

पोर्ट_पंचवीस

हे शेवटचं वाचल्यावर माझी अट परत वाढवतो. वेगळ्या मालकांना पॅनेलचा हक्क द्यायचा असेल तर वेगळा सर्व्हर. एकाच मालकाची डोमेन असतील आणि पॅनेल एकाच्याच हातात असेल तर एक सर्व्हर, दोन ट्रान्सपोर्ट.

टपालवाला

पॅनेलमध्ये पडताळणी असेल तर वेगळ्या मालकांनाही चालतं. इथे आपलं जमणार नाही.